जर्मनीत डॉक्टर व्हायचंय? फी शून्य आहे, पण हिशोब वेगळा आहे

(या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. तरी काही राहिलेच असतील.)



आजचा विषय माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कोड लिहून पोट भरतो. डॉक्टरांशी माझा संबंध खुर्चीत बसून बसून लागलेल्या पाठदुखीपुरता. पण गेल्या महिन्यात सांगलीहून मावशीचा फोन आला. मावसबहीण यंदा बारावी सायन्स झाली. नीटचा स्कोअर बरा आहे, पण सरकारी कॉलेजला पुरणार नाही. एक कन्सल्टन्सीवाले घरी येऊन गेले होते. त्यांच्या माहितीपत्रकावर तीन ओळी ठळक छापलेल्या: जर्मनीत एमबीबीएस, फी शून्य. शिक्षण इंग्रजीतून. नीटची गरज नाही. आणि खाली त्यांची स्वतःची 'प्रोसेसिंग फी' साडेचार लाख, त्यातले दीड लाख त्याच आठवड्यात भरायचे.

मावशी म्हणाली, "तुझी ती कॉलेजातली मैत्रीण आहे ना तिकडं डॉक्टर? तिला विचार आणि मला सांग, पैसे भरू का नको."

तर मी दोन रविवार त्या मैत्रिणीशी बोललो, आणि मधल्या आठवड्यात नियम वाचले. नियम वाचणं म्हणजे शेवटी डॉक्युमेंटेशन वाचणं, तेवढं मला जमतं. निघालं असं की पहिली ओळ अर्धी खरी, दुसरी चूक, आणि तिसरी सगळ्यात धोक्याची. एकेक करून बघू.

जर्मनीत एमबीबीएस नावाची पदवीच नाही

तिथे डॉक्टर होण्याचा कोर्स 'श्टाट्सएक्झामेन'ने संपतो, म्हणजे राज्य परीक्षा. ती पास झालात की सरकारी खात्याकडे अर्ज करायचा आणि 'आप्रोबात्सिओन' मिळवायचं, म्हणजे डॉक्टरकी करण्याचा कायमचा परवाना. विद्यापीठ शिकवतं, परवाना राज्य देतं. गंमत म्हणजे नावापुढचं 'डॉ.' यात येत नाही. त्यासाठी वेगळा प्रबंध लिहावा लागतो. तो न लिहिता आयुष्यभर पेशंट तपासणारे भरपूर लोक तिथे आहेत. मैत्रीण अजून 'डॉ.' नाही, पण रात्रपाळीला अख्खा वॉर्ड तिच्या भरवशावर असतो. तिच्या आईला हे अजून पटलेलं नाही.

आता फी. सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी खरंच बहुतेक ठिकाणी नाही. सेमिस्टरला काहीशे युरो वर्गणी असते, त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य मात्र अपवाद. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही सगळी मोठी नावं त्याच राज्यात, आणि तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात.

पण राहायचं, खायचं कशावर? व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभरीच्या आसपास धरला तर वर्षाचे बारा लाख. हे पैसे कोणाला द्यायचे नसतात, तुमचेच असतात, महिन्याच्या महिन्याला परत मिळतात. पण आधी जमा करावे लागतात. आणि मुक्काम सहा वर्षांचा नाही, तयारी धरून आठच्या आसपास जातो. आठ गुणिले बारा, म्हणजे नव्वद लाखांच्या पुढे. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यातून काही निघतं. पण ज्या वर्षी अ‍ॅनाटॉमी असते त्या वर्षी फार निघत नाही.

म्हणून म्हटलं, अर्धी खरी.

इंग्रजीतून?

नाही. सरकारी विद्यापीठात डॉक्टर होण्याचं शिक्षण जर्मनमधून आहे. जर्मनीत इंग्रजीतून शिकवणारे काही खासगी कॅम्पस आहेत, पण तिथे फी आहे, आणि तीही सणसणीत. पदवीसुद्धा बऱ्याचदा दुसऱ्याच देशातल्या विद्यापीठाची असते. 'इंग्रजीतून' आणि 'शून्य फी' या दोन गोष्टी एकाच ताटात मिळत नाहीत. माहितीपत्रकाने दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या चांगल्या गोष्टी एका पानावर आणून ठेवल्या होत्या.

जर्मन म्हणजे किती जर्मन? पातळ्या असतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. मेडिसिनच्या प्रवेशाला साधारण सी१ लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ज्यांनी ए१ केलंय त्यांना माहीत असेल, ए१ नंतर तुम्ही कॉफी मागवू शकता. सी१ नंतर तुम्ही बायोकेमिस्ट्रीचं लेक्चर ऐकून नोट्स काढू शकता, असं अपेक्षित असतं.

मैत्रिणीने एक किस्सा सांगितला. कोर्सच्या पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकाला तीन महिने हॉस्पिटलात नर्सिंगचं काम करावं लागतं. डॉक्टर म्हणून नाही हां, मदतनीस म्हणून. अंथरुणं बदलायची, पेशंटला अंघोळ घालायची, जेवण भरवायचं. ती पूर्वेकडच्या साक्सन राज्यात होती. सकाळी एक आजोबा तिला काहीतरी म्हणाले. तिकडची बोली अशी की शब्द अर्धे गिळतात. तिला वाटलं पाणी हवंय. मान डोलावली, पाणी ठेवलं आणि पुढच्या खोलीत गेली. आजोबा सांगत होते की श्वास घेताना छातीत दुखतंय. दहा मिनिटांनी नर्सच्या लक्षात आलं, पुढचं सगळं नीट झालं. पण ती म्हणाली, "अरे, त्या दिवशी माझ्या हातात सी१ चं सर्टिफिकेट होतं. पेशंट पुस्तकातलं बोलत नाही. मी त्या रात्री ठरवलं, कळलं नाही तर लाज सोडून परत विचारायचं. तीनदा विचारायचं."

मला वाटतं, भाषेची अट ही कागदी अडचण नाही हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही. युरोपातल्या ज्या देशांत इंग्रजीतून मेडिसिन शिकवतात, तिथेही तिसऱ्या-चौथ्या वर्षी वॉर्डात गेलात की पेशंट पोलिश, इटालियन नाहीतर हंगेरियनच बोलणार. लेक्चर इंग्रजीत असलं तरी छातीत दुखणं त्यांच्याच भाषेत असतं.

जागा किती?

बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही, कारण आपली बारावी त्यांच्या 'आबिटुर'च्या बरोबरीची धरत नाहीत. आधी 'श्टुडिएनकोलेग' करायचं, म्हणजे एक वर्षाचा पूर्वतयारी कोर्स. मेडिसिनसाठी त्यातला 'एम' कोर्स: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित आणि जर्मन. त्याला प्रवेश परीक्षा आहे, तीही जर्मनमधून. वर्षाच्या शेवटी आणखी एक परीक्षा, आणि तिचे मार्क पुढे मोजले जातात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना 'एपीएस' प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमची मार्कशीट खरी आहे याची दिल्लीतून झालेली तपासणी.

हे सगळं झालं की मग विद्यापीठाला अर्ज. इथे तो आकडा येतो जो माहितीपत्रकावर नव्हता. मेडिसिनच्या जागांपैकी साधारण ५ टक्के युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. सगळ्या जर्मनीत वर्षाला ढोबळमानाने दहा हजार जागा. त्याचे पाच टक्के, पाचशे. त्या पाचशेंत भारत, सीरिया, इराण, व्हिएतनाम, चीन, तुर्कस्तान, सगळं जग आलं.

तुम्ही म्हणाल, नीटमध्ये तरी कुठे सोपं आहे? बरोबर. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. पण नीटमध्ये निकाल वर्षाच्या आत कळतो. इथे दोन वर्षं भाषा आणि कोलेग करून, घर सोडून, बारा लाख अडकवून मग 'नाही' ऐकायची तयारी लागते.

मैत्रिणीने ते 'नाही' ऐकलंय. तिचा टाइमलाइन बघा. २०१४ ला बारावी. एक वर्ष पुण्यात जर्मन. २०१५ ते १६ कोलेग. २०१६ ला अर्ज केले, सगळीकडून नकार. मग एक वर्ष वृद्धाश्रमात स्वयंसेवकाचं काम, हातात थोडासा भत्ता. पुन्हा अर्ज, आणि ऑक्टोबर २०१७ ला प्रवेश. तोपर्यंत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्लेसमेंटचा टी-शर्ट घालून फिरत होतो.

आतली सहा वर्षं

ठरलेला काळ सहा वर्षं तीन महिने. पहिली दोन वर्षं पायाभूत विषय, मग पहिली राज्य परीक्षा, जिला सगळे 'फिजिकुम' म्हणतात. दोन दिवसांत ३२० बहुपर्यायी प्रश्न आणि वेगळी तोंडी परीक्षा. लेखी पेपर देशभर एकच, माइन्झ शहरातली एक संस्था तो काढते. म्हणजे तुम्ही बर्लिनला असा नाहीतर एखाद्या छोट्या गावात, प्रश्न तेच.

आणि नियम कडक: प्रत्येक भागाला एकूण तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालात तर त्या विद्यापीठातून नव्हे, अख्ख्या जर्मनीत मेडिसिनचा रस्ता बंद. एटीकेटी वगैरे विसरा.

पुढची तीन वर्षं क्लिनिकल. त्यात सुट्ट्यांमध्ये चार महिने 'फामुलातुर', म्हणजे डॉक्टरच्या मागे मागे फिरून शिकायचं, त्यातला काही काळ फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. पाचव्या वर्षानंतर दुसरी राज्य परीक्षा, तीन दिवस, पुन्हा ३२० प्रश्न. मग 'प्राक्टिशेस यार', सगळे पीजे म्हणतात: ४८ आठवडे, त्यातले सोळा मेडिसिन, सोळा सर्जरी, सोळा तुमच्या आवडीचा विषय. आपल्या इंटर्नशिपसारखंच, काम पूर्ण आणि पैसे नावाला. शेवटी तिसरी परीक्षा, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर.

यानंतरचा भाग मात्र मला फार आवडला, आणि इथे जर्मनी खरंच वेगळी आहे. पीजीसाठी प्रवेश परीक्षा नाही! आपल्याकडे एमबीबीएसनंतर नीट पीजी नावाचा दुसरा डोंगर असतो. तिथे तुम्ही हॉस्पिटलला बायोडेटा पाठवता, मुलाखत होते, आणि सहाय्यक डॉक्टर म्हणून नोकरी लागते. ती नोकरी हेच पीजीचं शिक्षण. विषयाप्रमाणे पाच किंवा सहा वर्षं, मग डॉक्टरांच्या प्रादेशिक परिषदेपुढे तोंडी परीक्षा, आणि तुम्ही 'फाखआर्ट्स्ट', म्हणजे स्पेशालिस्ट. सुरुवातीचा पगार मोठ्या हॉस्पिटलात कर कापायच्या आधी महिन्याला पाच हजार युरोच्या वर. हव्या त्या शहरात हवा तो विषय लगेच मिळेल असं नाही, पण छोट्या गावांतली हॉस्पिटलं डॉक्टर शोधतच असतात.

मैत्रीण २०२४ पासून अशाच एका गावात इंटर्नल मेडिसिनमध्ये आहे. स्पेशालिस्ट होईल २०२९ च्या आसपास, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. ती खूश आहे का? विचारलं. म्हणाली, "कामावर खूश आहे. एकटी आहे. दोन्ही लिही."

आणि परत यायचं असेल तर?

माहितीपत्रकातली तिसरी ओळ आठवतेय ना, 'नीटची गरज नाही'? जर्मन विद्यापीठाला खरंच नीटशी देणंघेणं नाही. पण २०१८ पासून नियम आहे की परदेशात मेडिसिन शिकून भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर जाण्याआधी नीट पास असायलाच हवं. नसेल तर परत आल्यावरची परीक्षा देता येत नाही. ती परीक्षा म्हणजे एफएमजीई: ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. आणि गेल्या काही वर्षांत पास होणाऱ्यांचं प्रमाण बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली राहिलंय.

पण खरा फास त्याच्याही पुढे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम आणले. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात तिथल्या नागरिकासारखा परवाना मिळायला हवा. इथे आल्यावर आणखी एक वर्ष इंटर्नशिप. सगळं दहा वर्षांच्या आत. आणि एक अट: शिक्षणाचं माध्यम इंग्रजी.

परत वाचा. माध्यम इंग्रजी.

म्हणजे जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात, जर्मनमधून, तीन राज्य परीक्षा पास होऊन आज जो विद्यार्थी डॉक्टर होईल, तो तिथे पूर्ण डॉक्टर असेल. पण या नियमाप्रमाणे सांगलीत दवाखाना टाकू शकणार नाही. त्याचं शिक्षण कमी पडलं म्हणून नाही, भाषेच्या रकान्यामुळे.

मी मैत्रिणीला म्हटलं, मग तुझं काय? तिला हा नियम लागू नाही, कारण ती तो येण्याआधीच शिकत होती. आणि इथेच बहुतेक घरं फसतात. आपण ओळखीतल्या कोणाला तरी विचारतो, तो त्याच्या वेळचा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो, आणि मधल्या काळात नियमाचं व्हर्जन बदललेलं असतं.

म्हणून सगळ्यात आधी ठरवायचा प्रश्न 'कुठे शिकू' हा नाही. 'कुठल्या पेशंटवर उपचार करायचेत' हा आहे. डॉक्टरकीचा परवाना देशाला बांधलेला असतो. माझं कोड पुण्यात लिहिलं काय आणि पोर्तोमध्ये लिहिलं काय, चालतं. तिचं तसं नाही.

उत्तर 'भारतात' असेल, तर जर्मनी हा रस्ताच नाही. इटलीच्या सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून कोर्स आहेत, आयमॅट नावाची प्रवेश परीक्षा आहे, फी घरच्या उत्पन्नावर ठरते. पण तिथेही त्या १२ महिन्यांच्या इंटर्नशिपची अट पूर्ण होते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यायचं, एजंटकडून नाही. आणि 'युरोप' हा शब्द नीट तपासा. जॉर्जियाचं नाव खूप ऐकायला येतं, पण जॉर्जिया युरोपियन युनियनमध्ये नाही. युनियनमधल्या देशांत डॉक्टरांच्या पदव्या एकमेकांकडे ओळखायचा जो नियम आहे, तो तिथल्या पदवीला लागू होत नाही.

उत्तर 'जर्मनीत' असेल, तर एक उलटा रस्ताही आहे, जो आपल्याकडे फार कोणी सांगत नाही, कारण त्यात बारावीच्या पालकांकडून घ्यायला काही नाही. भारतात एमबीबीएस करायचं, करता करता जर्मन बी२ पर्यंत न्यायचं, मग तिकडे जायचं. तिथे डॉक्टरी जर्मनची परीक्षा असते: वीस मिनिटं पेशंटशी बोलणं, वीस मिनिटं ते लिहून काढणं, वीस मिनिटं दुसऱ्या डॉक्टरला केस सांगणं. त्यानंतर बहुतेकांना ज्ञान परीक्षा द्यावी लागते, मुख्यतः मेडिसिन आणि सर्जरीवर. ती पास झालात की तेच आप्रोबात्सिओन, तीच नोकरी. आणि भारतातली नोंदणी खिशात राहते. मैत्रिणीच्या वॉर्डात असे दोघं आहेत, एक केरळचा, एक नागपूरची.

मावशीला हे सगळं फोनवर सांगायला सव्वा तास लागला. ती शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे तो माणूस खोटं बोलला." मी म्हटलं, एक ओळ खोटी होती मावशी, बाकीचं त्याने सांगितलंच नाही. दीड लाख भरले नाहीत.

बहिणीने मात्र मला वेगळा मेसेज केला: "दादा, मला तिकडेच राहायचं असेल तर?" तिला मी मैत्रिणीचा नंबर दिलाय. दोघी बोलल्या. सध्या ती नीट पुन्हा देतेय आणि संध्याकाळी ऑनलाइन ए१ करतेय. बी१ पर्यंत भाषा आवडली तर कोलेगचा अर्ज, नाहीतर इथेच. काल तिने जर्मनमधून व्हॉइस नोट पाठवली, मला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळलं.

तुमच्यापैकी कोणी पोलंड, हंगेरी किंवा रोमानियात शिकत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. विशेषतः इंटर्नशिपचं पत्र तुम्हाला कोणाकडून आणि कसं मिळालं, ते सांगा. चला, भेटू पुढच्या शनिवारी.